मूठ बघायची, पातं नाही : ईपर ते थिएर

कोल्हापूरच्या उद्यमनगरात मी चौतीस वर्षं टूलरूममध्ये, म्हणजे कारखान्याची हत्यारं आणि साचे घडतात तिथं, काढली. निवृत्त झाल्यावर नेदरलँड्समधला मुलगा म्हणाला, "बाबा, आइंडहोव्हनला या, युरोप दाखवतो." मी म्हटलं, आयफेल टॉवर तुझ्या आईला दाखव, मला खंदकातल्या सुऱ्या बघायच्यात. पहिल्या महायुद्धात सैनिकांनी स्वतः ठोकून केलेल्या सुऱ्यांचा एक फोटो मी कुठंतरी पाहिला होता. त्यातल्या एकीची मूठ बघून पुढं दोन दिवस काही सुचलं नव्हतं. आमची ही म्हणाली, "पंधरा हजार रुपयांचा व्हिसा काढून लोखंड बघायला निघालेत." पण आली.

तिकिटं, व्हिसा, हॉटेलं यांचं सांगण्यासारखं काही नाही. जुलैचा पहिला आठवडा, मुलाची गाडी, सहा दिवस.

पहिला दिवस : ईपर

बेल्जियममधलं हे गाव. इंग्रज सोजिरांना नाव उच्चारता यायचं नाही, म्हणून ते 'वायपर्स' म्हणायचे. चार वर्षांच्या तोफखान्यात गावाची माती झाली होती. आज दिसतं ते सगळं पुन्हा बांधलेलं, पण इतकं जुनं दिसतं की कुणी सांगितलं नाही तर कळणारही नाही. मधोमध कापडबाजाराची प्रचंड इमारत आहे आणि तिच्यातच 'इन फ्लँडर्स फील्ड्स' हे संग्रहालय.

पाऊस होता. आपल्यासारखा कोसळणारा नाही. बारीक, तिरका, सकाळपासून रात्रीपर्यंत न कंटाळता पडणारा. ही म्हणाली, "याला पाऊस म्हणायचं की सर्दी?"

संग्रहालयात मी जर्मन संगिनींपाशी थांबलो. त्यातल्या काहींच्या पाठीला करवतीसारखे दाते असतात. दोस्त राष्ट्रांच्या वर्तमानपत्रांनी या दात्यांवरून मोठं काहूर उठवलं होतं: जर्मन क्रूर आहेत, जखमा फाडायला दाते ठेवतात, वगैरे. मी काचेला नाक लावून दाते बघितले. पाठ जाड, दाते दुहेरी ओळीत. हे लाकूड कापायचं हत्यार आहे, झाडाच्या फांद्या आणि खुंट्या तोडायला दिलेलं. पण अफवा इतकी पसरली की असली संगीन घेऊन पकडलो गेलो तर जीव जाईल, ही भीती जर्मन सैनिकांतच बसली आणि पुढं ते दाते घासून टाकले गेले. हत्यारापेक्षा हत्याराची गोष्ट जास्त धारदार निघाली.

आमचे फोरमन म्हणायचे, "हत्यार विकत घेताना मूठ बघायची, पातं नाही. पातं कुणीही चकचकीत करतंय. मूठ खोटं बोलत नाही." सहा दिवस मी तेच करत होतो. मुलाचा फोन फोटोंनी भरला आणि सगळे फोटो मुठींचे.

संध्याकाळी मेनिन गेट. चोपन्न हजारांहून जास्त नावं, ज्यांची थडगी सापडली नाहीत त्यांची. त्यांत हिंदुस्थानी पलटणींतलीही आहेत. १९२८ पासून रोज रात्री आठ वाजता इथं बिगूल वाजतो. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी गाव घेतलं तेवढीच वर्षं तो बंद होता. आठ वाजता अंधार नव्हताच, कारण जुलैत तिथं दहापर्यंत उजेड असतो. शेजारी एक इंग्रज आजोबा छत्री मिटून उभे होते. बिगूल संपल्यावर त्यांनी आम्हाला विचारलं, "तुमचं कुणी आहे का भिंतीवर?" मी म्हटलं, आमच्या घरचं नाही. ते म्हणाले, "माझंही नाही. मी दरवर्षी येतो."

*गेटवर साडेसातला पोहोचा, नाहीतर पुढच्यांच्या पाठीच दिसतील. तिकीट नाही. जेवणासाठी बटाट्याच्या जाड काड्या आणि मेयोनीज कुठंही मिळतं. शाकाहारी असाल तर तळणाला तेल कुठलं ते विचारा. बऱ्याच जुन्या दुकानांत गाईची चरबी वापरतात. आम्ही दुसऱ्या दिवशी विचारलं, त्यामुळं पहिला दिवस देवाच्या हवाली.*

दुसरा दिवस : बूझिंगे आणि नव्ह-शापेल

ईपरच्या उत्तरेला बूझिंगेत एक खरा खंदक जपून ठेवलाय. यॉर्कशायर ट्रेंच म्हणतात. तो औद्योगिक वसाहतीत आहे! दोन्ही बाजूंना शेड, ट्रक, पॅलेटचे ढीग आणि मधे हा खड्डा. कारखान्यांसाठी जमीन उकरताना स्थानिक हौशी उत्खननवाल्यांना तो सापडला. शिरोली एमआयडीसीत असं काही निघालं असतं तर त्यावर काय बांधलं असतं हे न बोललेलं बरं.

या सहलीतली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मला इथं कळली, तीही हिच्या छत्रीमुळं. खंदक सरळ नसतो, नागमोडी असतो. चार पावलांवर वळण. तोफेचा गोळा आत पडला किंवा शत्रू आत शिरला, तर पूर्ण रांग एकदम मरू नये म्हणून. ही पुढं चालली होती, छत्री आडवी धरून. पहिल्याच वळणावर छत्रीचं टोक एका भिंतीत आणि दांडा दुसऱ्या भिंतीत अडकला. पुढंही जाता येईना, मागंही येता येईना.

"हेच," मी ओरडलो. "हेच झालं त्यांचं!"

फ्रेंच लेबेल बंदूक एक मीटर तीस सेंटिमीटर. तिच्यावर बावन्न सेंटिमीटरची सुईसारखी चौधारी संगीन. म्हणजे माणसापेक्षा उंच हत्यार. १९१४ मध्ये सगळ्यांना वाटत होतं की मोकळ्या रानात धावून जायचं आणि भोसकायचं. रानात ते बरं. वळणावर अचानक समोर माणूस आला तर ही लांब काठी फिरवायची कुठं? म्हणून मग रात्रीच्या छाप्याला जाणारे लोक बंदूक मागं ठेवायला लागले. तोंडाला जळक्या बुचाचं काजळ, खिशातली कागदपत्रं काढून ठेवलेली, हातात बॉम्ब, पिस्तूल, सोटा आणि सुरी. सरकारनं सुरी दिलेली नव्हतीच. ज्यानं त्यानं आपापली केली.

असले छापे युद्धाच्या पहिल्याच हिवाळ्यात सुरू झाले, आणि ते सुरू करणाऱ्यांत नोव्हेंबर १९१४ मधले गढवाल रायफल्सचे जवान होते, हे मुलाला माहीत नव्हतं. गुरख्यांना तर वेगळी सुरी शोधायची गरजच पडली नाही. खुकरी घरूनच आली होती.

दुपारी सीमा ओलांडून फ्रान्समध्ये, नव्ह-शापेलला. तासभराचा रस्ता, दोन्हीकडं बटाटे आणि बीट. चौकाशेजारी हिंदुस्थानी सैनिकांचं स्मारक आहे. गोल भिंत, आपल्याकडच्या स्तूपाभोवतीच्या कठड्यासारखी जाळी, दोन वाघ, मधे उंच खांब, त्यावर कमळ. हर्बर्ट बेकरनं केलेलं, १९२७ मध्ये उघडलेलं. चार हजार सातशेहून जास्त नावं. आम्ही तिघांशिवाय तिथं कुणी नव्हतं. ट्रक जायचे तेवढाच आवाज.

मी इथं यायचा हट्ट धरला तो मार्च १९१५ च्या प्रसिद्ध लढाईसाठी नव्हता. त्याच्या आधी, २८ ऑक्टोबर १९१४ ला, याच गावावर ४७ शीख पलटण आणि बॉम्बे सॅपर्सच्या दोन कंपन्या, विसावी आणि एकविसावी, चालून गेल्या होत्या. सॅपर म्हणजे खणणारे, पूल बांधणारे, सुतार-लोहार-गवंडी. आपल्या खडकीचे. त्या दिवशी त्यांना पायदळासारखं पुढं ढकललं गेलं आणि गावाच्या गल्ल्यांत घराघरांतून हातघाईची लढाई झाली. गाव घेतलं, पण टिकवता आलं नाही. दोन्ही कंपन्यांचे जवळपास सगळे अधिकारी पडले किंवा जखमी झाले. महाराष्ट्राच्या पलटणी पुढं मुख्यतः मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, लढल्या, कूतच्या वेढ्यात अडकल्या. पण फ्रान्सच्या या चिखलात खडकीचे कारागीर होते, हे आपल्याकडं फार कुणी सांगत नाही.

भिंतीवर सॅपर्सचं नाव सापडायला बराच वेळ गेला. हिनं तिथं हात ठेवला आणि मला म्हणाली, "यांनी काय नेलं असेल हो सोबत? पास?" पास म्हणजे पहार, आमच्याकडचा शब्द. मी म्हटलं, जे हातात होतं ते.

*नव्ह-शापेलला प्यायला पाणीसुद्धा मिळत नाही. ईपरमधून भरून न्या. नाव शोधायचं असेल तर 'कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन'च्या वेबसाइटवर फलकाचा क्रमांक आधीच काढून ठेवा. आमच्यासारखं मान वर करून भिंत वाचत बसू नका.*

तिसरा दिवस : पेरोन

सोम नदीकाठचं गाव. किल्ल्याच्या आत युद्धाचं संग्रहालय आहे. इथं वस्तू कपाटात नाहीत. जमिनीत उथळ पांढरे खड्डे केलेत आणि त्यांत एकेका सैनिकाचा सगळा सरंजाम मांडलाय: गणवेश, डबा, चमचा, बूट, हत्यार. माणूस तेवढा नाही. बघायला वाकावं लागतं. माझी कंबर तिसऱ्या खड्ड्याला बोलायला लागली.

जर्मन खड्ड्यात खंदकी सुरी होती. सोलिंगेन हे त्यांचं सुऱ्यांचं गाव. पंधरा-एक सेंटिमीटरचं एकधारी पातं, लाकडी मूठ, मुठीवर तिरप्या खाचा, आणि म्यानाला पट्ट्यात अडकवायची पट्टी. शिकारीच्या सुरीचीच बहीण. सुरुवातीला लोक घरच्या शिकारीच्या सुऱ्या घेऊन आले होते, सरकारनं नंतर तोच आकार उचलला. शहाणपणाचं काम. तिरप्या खाचांनी ओल्या हातातून मूठ सुटत नाही आणि एकधारी पात्यानं पावही कापता येतो.

जेवणात फिसेल पिकार्द. आपल्या घावनासारखं, आत मशरूम आणि साय घालून भाजलेलं. आतलं हॅम काढून द्या म्हटल्यावर वेटरनं आमच्याकडं असं बघितलं, जणू पुरणपोळीतून पुरण काढून मागितलं.

चौथा दिवस : मो

पॅरिसच्या पूर्वेला मो नावाचं शहर आहे. ब्री चीज आणि मोहरी यांसाठी प्रसिद्ध. तिथलं महायुद्धाचं संग्रहालय ११ नोव्हेंबर २०११ ला उघडलं. त्याचा गाभा म्हणजे एकाच माणसानं आयुष्यभर जमवलेला संग्रह. संग्रहालय मंगळवारी बंद असतं, त्यामुळं वार बघून बेत आखा.

ज्या फोटोनं मला इथवर आणलं, ती वस्तू इथं समोर आली. फ्रेंच सैनिक तिला 'क्लू' म्हणायचे, म्हणजे खिळा. काटेरी तार बांधायचा लोखंडी खुंटा घ्यायचा, तापवायचा, एक टोक ठोकून अणकुचीदार करायचं, दुसरं टोक वळवून हात बसेल असं कडं करायचं. बस. लाकूड नाही, रिव्हेट नाही, म्यान नाही. मी मनात हिशेब केला: भाता आणि ऐरण असेल तर वीस मिनिटांचं काम. पण जवळून बघितलं तर कड्याच्या आतल्या बाजूला कानस फिरवलेली. बोटाला टोचू नये म्हणून. मरणाच्या दारात, चिखलात बसून कुणीतरी कडेची कूस मोडली होती. आमच्याकडं नव्या पोराला पहिल्या दिवशी हेच शिकवतात.

गावाकडचा आमचा लोहार ट्रकच्या पाट्याचा कोयता करायचा. लोखंडाला 'पाणी', म्हणजे तापवून विझवल्यावर येणारा टणकपणा, नीट बसलं की नाही ते तो नखावर धार ओढून सांगायचा. त्या खुंट्याच्या लोखंडाला पाणी बसणारच नाही, मऊ लोखंड ते. करणाऱ्याला हे माहीत असणार. एकदाच वापरायचं होतं.

पुढं सरकार जागं झालं. जुन्या लांब संगिनी कापून त्यांच्या तुकड्यांच्या सुऱ्या केल्या. मग १९१६ मध्ये नीट नमुना ठरला. थिएर या फ्रान्समधल्या सुऱ्यांच्या गावच्या कारखान्यांतून निघालेल्या काही पात्यांवर अक्षरं होती: 'ल व्हाँजर द १८७०', म्हणजे १८७० च्या युद्धात जर्मनांकडून झालेल्या पराभवाचा सूड घेणारा. ही अक्षरं खंदकातल्या माणसाला सुचलेली नाहीत, एवढं मी पैजेवर सांगतो. त्याला १८७० आठवायला वेळ नव्हता.

इंग्रजांच्या भागात मात्र मी थबकलो. डडली गावच्या रॉबिन्स कारखान्याच्या सुऱ्या, ज्या अधिकारी स्वतःच्या पैशानं घ्यायचे. त्यांत एक मुठीत आडवी धरायची: हाताची मूठ वळली की पातं बोटांमधून सरळ पुढं. "बाबा, ही तर कट्यार," मुलगा म्हणाला. कट्यारच की! आपल्या कट्यारीला दोन बाजूंनी मनगटाशी पट्ट्या येतात, हिला नाहीत. ही ॲल्युमिनियमची ओतीव मूठ. नक्कल केली असं मी म्हणणार नाही. अरुंद जागेत मनगट न वळवता जोर कसा लावायचा, या एकाच कोड्याला दोन ठिकाणी एकच उत्तर सापडलं असेल. जुलै २०२४ मध्ये लंडनहून वाघनखं साताऱ्यात आली, तेव्हा आम्ही रांगेत उभे होतो. तिथंही मी पोलादी पंजे सोडून बोटं घालायची कडीच बघत होतो, हे हिनं इथं सगळ्यांसमोर सांगितलं.

अमेरिकन उशिरा आले आणि कागदावर विचार करून आले. त्यांची १९१७ ची सुरी म्हणजे तीन कडांचा सुळा. भोसकता येतं, कापता काहीच येत नाही. मग १९१८ मध्ये 'मार्क वन': पितळेसारख्या कांस्याची ओतीव मूठ, चार बोटांना चार कडी, त्यांवर टोकं, आणि मागं डोक्यात हाणायला सुळक्याची चाकी. एका हत्यारात तीन. दिसायला भीतिदायक, आणि संग्राहक आज तिच्यामागं वेडे आहेत. टूलरूमचा माणूस म्हणून माझं मत वाईट आहे. चार कड्यांत बोटं अडकली की पकड बदलता येत नाही. हातमोजा घातलेला माणूस काय करणार? दुसऱ्या महायुद्धात त्यांच्याच सैन्यानं १९४३ मध्ये ती बाजूला ठेवून साधी 'एम थ्री' काढली. चामड्याच्या चकत्यांची सरळ मूठ. शेवटी वळसा घालून जर्मन शिकाऱ्याच्याच घरी आले.

तिथल्या एका वयस्कर मार्गदर्शक बाईंशी मुलानं मोडक्या फ्रेंचमध्ये गप्पा मारल्या. मी विचारायला लावलं, यांनी किती माणसं मेली? त्या म्हणाल्या, थोडी. बहुतेकांना तोफखान्यानं मारलं. नोंदवलेल्या जखमांत पात्याच्या जखमा शेकडा एकसुद्धा भरत नाहीत. अर्थात पात्यानं गाठलेला माणूस दवाखान्यापर्यंत पोहोचून नोंद होण्याची शक्यताही कमीच. "मग या सुऱ्या कशाला वापरल्या?" बाईंनी हातानं डबा उघडल्याची खूण केली. मग पाव कापल्याची. मग उशीखाली ठेवल्याची.

पाचवा दिवस : रस्ता

साडेचारशेच्या आसपास किलोमीटर, टोल भरपूर. मुलानं विचारलं, आणि दुसऱ्या महायुद्धातल्या इंग्रज कमांडोंची ती प्रसिद्ध कट्यार? ती फेअरबर्न आणि साइक्स या दोघांची. दोघंही शांघायच्या म्युनिसिपल पोलिसांतले, तिथल्या गल्लीबोळांतल्या मारामाऱ्या बघितलेले. नोव्हेंबर १९४० मध्ये लंडनला विल्किन्सन कंपनीत बसून त्यांनी नमुना ठरवला, १९४१ च्या सुरुवातीला पहिल्या कट्यारी निघाल्या. बारीक, देखणी, पहारेकऱ्याच्या मानेसाठी केलेली, आणि टोक मोडतं अशी तक्रार असलेली. डबा उघडायला घेतली की संपलीच. कमांडोंच्या बिल्ल्यावर ती शोभते, आणि तिथं ती अजून आहे.

ही मागं झोपली होती. उठून म्हणाली, "अजून सुऱ्याच का?"

सहावा दिवस : थिएर

उच्चार 'त्येर'. डोंगराच्या कुशीला चिकटलेलं, चढउतारांचं गाव, पन्हाळ्याची आठवण करून देणारं. खाली द्यूरोल नदी खळाळते. सहाशे वर्षांहून जास्त काळ इथं सुऱ्या होतात, फ्रान्समधल्या बहुतेक सुऱ्या इथल्याच. इथं पोलाद सापडत नाही, सहाणेचा दगडही बाहेरून यायचा. गावाकडं होतं ते फक्त नदीचं पाणी, चाकं फिरवायला.

सुऱ्यांच्या संग्रहालयात एक कारागीर प्रात्यक्षिक दाखवत होता. भाषा कळत नव्हती, पण तो काय करतोय हे मला त्याच्या आधी कळत होतं. त्यानंही ते ओळखलं. माझ्या हाताची नखं बघून हसला आणि मूठ बसवलेली सुरी माझ्यापुढं सरकवली. मी मूठ अंगठ्यानं चाचपली, एका जागी रिव्हेट केसभर वर होती, तिथं बोट ठेवलं. त्यानं कपाळाला हात लावला आणि घासायला घेतली. या सहलीतला माझा सगळ्यात आनंदाचा क्षण तो. आयफेल टॉवर राहिला तो राहिलाच.

दुपारी गावाबाहेर रुएंच्या दरीत गेलो. रुए म्हणजे पाण्यावर चालणारी सहाण. धार लावणारे इथं फळीवर पालथे झोपून, तोंड दगडाच्या चाकावर आणून काम करायचे. दिवसभर, खाली बर्फासारखं पाणी. दगडाच्या पिवळ्या चिखलानं पोट माखायचं, म्हणून त्यांना 'पिवळपोटे' म्हणत. आणि पायांवर कुत्रं बसवायचे, ऊब म्हणून. प्रत्येकाचं आपापलं कुत्रं. ही तिथं बराच वेळ गप्प उभी होती. मग म्हणाली, "सूडबिड लिहिलेली सुरी ह्यांनीच घासली असेल, कुत्रं पायावर घेऊन."

*दरी उन्हाळ्यातच नीट उघडी असते, वेळा आधी बघा. चढ आहे, चपला नकोत. सुरी घेतलीत तर विमानात ती मोठ्या बॅगेतच टाका. हातातल्या पिशवीत सापडली तर तिथंच सोडावी लागेल.*

संध्याकाळी मुलानं आईला सुरी घ्यायची ठरवली. दुकानदार बाईंनी आठ-दहा मांडल्या. ही पात्याकडं बघेचना. डोळे मिटून एकेकीची मूठ मुठीत घेऊन बघत होती. सहा दिवसांत तेवढं शिकली होती, किंवा तिला आधीपासून येत होतं आणि मला माहीत नव्हतं. अक्रोडाच्या लाकडाची एक निवडली.

बाईंनी ती मुलाच्या हातात दिली. मुलगा आईला देणार, तेवढ्यात हिनं हात मागं घेतला. "हातात देऊ नको. खाली ठेव, मी उचलते. भांडणं होतात." मुलानं ते बाईंना सांगितलं. बाई म्हणाल्या, आमच्याकडं भेट मिळालेल्या सुरीचं नाणं द्यावं लागतं, नाहीतर नातं तुटतं. मग काउंटरवर सुरी ठेवली गेली, हिनं उचलली, आणि पर्समध्ये युरो सापडेना म्हणून मुलाला दहा रुपयांचं नाणं दिलं. बाईंनी ते उलटंसुलटं करून बघितलं आणि चालेल म्हणून मान हलवली.

ती सुरी आता आमच्या ओट्यावर आहे. भाजी अजून विळीवरच होते. परवा चिवड्याचं पाकीट फोडायला तिनं ती पहिल्यांदा काढली.